तंग

सारंगखेड्याच्या बॅरेजवर, सात नंबरच्या दरवाजाखाली,
नऊ मीटरवर
पाठीवरचं सिलिंडर हळूच खाली सरकलं.
आधी वाटलं, कुणीतरी मागून हात लावतंय.
मग नळीने दात ओढले
आणि कळलं, बकल गेलं.

काळं, प्लास्टिकचं, अंगठ्याएवढ्या जिभेचं बकल.
गेल्या पावसाळ्यापासून त्यावर केसाएवढी रेघ होती.
मी पाहिली होती. सुकलालनेही पाहिली होती.
दुसऱ्याने पाहिलीच असेल असं धरून
दोघांनी आळीपाळीने फॉर्मवर
‘ठीक’पुढे खूण केली होती.

मार्गशीर्षातलं ऊनही तापीच्या तळापर्यंत येत नाही.
त्या मातकट अंधारात मी सिलिंडर काखेत मारलं,
नदीच्या वाळूतलं टरबूज घरी न्यावं तसं,
आणि मोकळ्या हाताने दोर तीनदा ओढला.
सुकलालच्या वहीत आहे: वर यायला चार मिनिटं.
मी श्वास मोजले होते. बासष्ट.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
पार्ट पुण्याहून निघेल, आठ दिवस धरा.
दरवाजाचं रबर आठ दिवस धरायला तयार नव्हतं.

काठावर घोड्यांचा बाजार.
रबरी सूट अर्धा सोललेला, कमरेभोवती त्याच्या बाह्या बांधलेल्या,
मी लिदीतून, धुळीतून, खिंकाळण्यातून चालत गेलो.
एक पांढरी घोडी माझ्याकडे बघून मागे सरली.

वेडू जीनगराचं दुकान म्हणजे
एक ताडपत्री, एक ऐरण, दोरीवर लोंबते लगाम.
मी पट्टा पुढे केला.
‘कोणता घोडाना तंग शे हाऊ?’
मनाच, म्हटलं.
तो हसला नाही.
पट्टा पायाच्या अंगठ्यात अडकवून त्याने कानाशी ओढला,
तंबोऱ्याची तार लावतात तसा.
किती वजन, विचारलं. सोळा किलो.
आणि तुटलं तर?
मी काही बोललो नाही.

चामडं नको, ते पाणी पितं. लोखंड तर नकोच.
बिस्किटांच्या डब्यातून त्याने पितळी बकल काढलं,
दोन जिभांचं, कुठल्याशा मेलेल्या घोड्याचं.
आरी निखाऱ्यावर तापवून नायलॉनला भोकं पाडली;
कडा वितळून आपोआप बंद झाल्या.
जळक्या वासात तो सांगत होता:
‘घोडा लबाड ऱ्हास, भाऊ.
तंग बांधतांना पोट फुगाडी लेस.
थोडा थांबनं. त्याले श्वास सोडू देनं.
मंग एक भोक आखो.’

सिलिंडरला कुठलं आलंय पोट, मी म्हणणार होतो.
पण आठवलं, शिकताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
पट्टा आधी भिजवा, मग आवळा.
कोरडा पट्टा काठावर घट्ट असतो,
आणि पाण्यात गेला की सैल.
इतक्या वर्षांत मी तो कधीपासून
कोरडाच आवळायला लागलो, कोण जाणे.

साठ रुपये. सुट्टे नव्हते, तर म्हणाला ऱ्हाऊ दे,
मग लगेच म्हणाला, नको, आण, उद्या आण.

दुसऱ्या सकाळी पट्टा बादलीत बुडवला.
बकल लावलं. थांबलो.
सुकलालची अर्धी बिडी होईपर्यंत काहीच केलं नाही.
मग गुडघा टेकवून, दात खाऊन,
एक भोक पुढे.

खाली डोळ्यांचं काम नसतं.
तळहात फिरवत गेलो, तसं रबर फाटलेलं लागलं,
वीतभर,
आणि तिथून सगळी तापी
बारीक आवाजात पलीकडे चाललेली.
पाठीवर सिलिंडर गप्प बसलेलं.
कोणी कोणाला बांधलंय, क्षणभर कळेना.

वर आल्यावर फॉर्म. बकल: ठीक, नादुरुस्त.
दोनच चौकटी.
सुकलालने पट्टी घेऊन तिसरी आखली
आणि तिच्यात पेन्सिलीने लिहिलं:
भिजवून. थांबून.

पुण्याचं पाकीट अकराव्या दिवशी आलं.
तोवर बाजार उठला होता.
साठ रुपये खिशात घेऊन मी ताडपत्रीच्या जागी उभा राहिलो;
चार खुंट्यांची भोकं, थोडी राख,
नालाचा एक वाकडा खिळा.